माझ्या वाटचा नमस्कार

माईक चालू होता. हे आधी सांगते, कारण नंतर पुष्कळांनी मला समजावलं की आबासाहेब ते फक्त तुला म्हणाले, सहज म्हणाले, थट्टेने म्हणाले. तसं नव्हतं. माईक त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत माझे वडील बसले होते, तिथपर्यंत एकेक शब्द गेला.

"काय गं, वाकायला शिकवलं नाही का घरी?"

मी स्टेजवर उभी होते. हात जोडलेले. माझ्या आधी सात जण येऊन गेले होते. डावीकडून चढायचं, आबासाहेबांच्या पायांना हात लावायचा, पुस्तकं आणि प्रशस्तिपत्र घ्यायचं, उजवीकडून उतरायचं. आदल्या दिवशी याची तालीमसुद्धा झाली होती. आबासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. नाशिकमधलं आमचं कॉलेज त्यांचं, जिल्ह्यातल्या कितीतरी शाळा त्यांच्या, निफाडकडे द्राक्षांचे मळे त्यांचे. ते खुर्चीत बसूनच बक्षिसं देत. त्यामुळे मुलांना पुरतं खाली वाकावं लागे.

मी वाकले नाही. हात जोडले आणि "नमस्कार" म्हणाले. तालमीच्या वेळी मी सरांना सांगितलं होतं की माझ्या पाठीचं ऑपरेशन झालंय, मला वाकायला त्रास होतो. सर यादी तपासत होते. जमेल तेवढं कर, म्हणाले. मला एवढंच जमलं.

सभागृहात थोडं हसू झालं. आबासाहेबांनी ते संपू दिलं. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या लोकांकडे बघून म्हणाले,

"सवलती घ्यायला बरोबर हात पुढे येतात यांचे. नमस्काराला मात्र कंबर लवत नाही."

आता मोठ्याने हसले लोक. पहिल्या रांगेत प्राध्यापक होते. त्यातले दोघे हसले नाहीत, पण त्यांनी माना खाली घातल्या. मी बोलायला हवं होतं. माझ्या पाठीत लोखंड आहे. एवढंच. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मला कॉलेजात पहिला नंबर कशात मिळाला होता, तर मराठी विषयात.

तेवढ्यात मागून एक खाकी कपड्यांतला माणूस मधल्या वाटेने पुढे आला. लोकांना वाटलं, कोणीतरी शिपाई माईक नीट करायला चाललाय. त्यांनी पाय आवरून वाट दिली. ते नाना होते. माझे वडील. ते शिपाईच आहेत, आमच्या गावच्या शाळेत, याच संस्थेच्या. खाकी गणवेश हेच त्यांचे सगळ्यात चांगले कपडे, म्हणून आईने तो धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करून दिला होता.

नाना उजवीकडून चढले. तिकडून उतरायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"माफ करा साहेब. लेकरू आजारी हाय. तिच्या वाटचं मी करतो."

आणि ते वाकले. नुसते पायाला हात लावून उठले नाहीत. गुडघे टेकले, दोन्ही तळहात फळ्यांवर ठेवले, आणि आबासाहेबांच्या पायांवर कपाळ टेकवलं. मला वरून नानांच्या मानेमागचा भाग दिसत होता. तिथे गळपट्टीखाली आईने टाके घातले होते.

आबासाहेबांनी विचारलं, कुठल्या शाळेत? नानांनी सांगितलं. आबासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. बाप शहाणा आहे." माझी पुस्तकं त्यांनी माझ्या हातात दिली नाहीत. नानांच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. मला मिळाल्या नव्हत्या एवढ्या.

बाहेर आल्यावर नानांनी पुस्तकं माझ्याकडे दिली. "एसटी चुकंल," म्हणाले, आणि गेले.

आता पाठीचं सांगते.

मी बारा वर्षांची असताना आईच्या लक्षात आलं की माझ्या फ्रॉकची एक बाजू खाली लोंबते. तिने ती बाजू उसवून वर शिवली. दोन महिन्यांनी पुन्हा लोंबायला लागली. शिंप्याची चूक असेल असं तिला वाटत राहिलं. शाळेत बाई पाठीवर पट्टी मारून सांगायच्या, सरळ उभी राहा. मी सरळच उभी होते. माझ्या मते. मग उजव्या खांद्याखाली उंचवटा दिसायला लागला आणि पोरं मला कुबडी म्हणायला लागली. नाशिकच्या सरकारी दवाखान्यातून मुंबईला पाठवलं. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझं ऑपरेशन झालं. मानेच्या खालपासून कमरेपर्यंत पाठ उघडली, कण्याच्या बाजूने पोलादी रॉड बसवला, वर-खाली आकड्यांनी अडकवला. कमरेच्या हाडाचे तुकडे काढून मणक्यांवर पसरले, म्हणजे ते सगळे मिळून एक हाड होईल. मग आठ महिने प्लॅस्टर. गळ्यापासून खुब्यापर्यंत. आत खाज सुटली की नाना सायकलच्या चाकाचा एक आरा घालून हलक्या हाताने खाजवायचे. त्यांनी त्याचं टोक दगडावर घासून बोथट केलं होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी नानांना एक वाक्य सांगितलं. नानांनी ते गावात येऊन प्रत्येकाला सांगितलं. "हिला शेतात वाकून काम करता येणार नाही, ओझं उचलता येणार नाही, हिला शिकवा, बसून करायचं काम मिळेल." मी कॉलेजात आहे ती या वाक्यामुळे. माझ्या दोन मोठ्या बहिणी शिकल्या नाहीत. त्यांच्या पाठी सरळ होत्या.

दुखणं थांबेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मलाही. प्लॅस्टर निघालं की थांबेल. मग, एक वर्षाने थांबेल. मग, वाढ पूर्ण झाली की थांबेल. आता मी ते बोलणं सोडून दिलंय. वरचा आकडा खांद्याच्या हाडाजवळ कातडीखाली हाताला लागतो. बाकाला टेकलं की तो घासतो. नाही टेकलं की अर्ध्या तासात कमरेपासून पेटत वर येतं. शिंक आली की भिंत धरते. थंडीत सकाळी रॉड आतून गार पडतो, कसं सांगू, पाठीत कोणीतरी विहिरीचं पाणी सोडल्यासारखं. जिथून हाड काढलं ती जागा तर पाठीपेक्षा जास्त दुखते, आणि तिथे फक्त बोटभर व्रण आहे. वसतिगृहात मी बादली अर्धी भरते आणि दोन खेपा घालते. खाली पडलेली पेन्सिल पायाच्या बोटांनी उचलायला शिकले आहे. कुणी बघत नसेल तेव्हा.

आणखी एक सांगायला पाहिजे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला थोडं वाकता येतं.

डॉक्टरांनी खालचे दोन मणके मोकळे ठेवले आहेत. कमरेतून, गुडघे दुमडून, काहीतरी धरून मी खाली जाऊ शकते. कळ येते, डोळ्यांपुढे पांढरं होतं, उठताना आधार लागतो. पण जाऊ शकते. त्या दिवशी स्टेजवर टेबल होतं. मी ते धरून आबासाहेबांच्या गुडघ्यांपर्यंत तरी पोहोचले असते. मी का गेले नाही? बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिले की वेळच मिळाला नाही.

नानांचं सांगायचं राहिलं.

माझा आजा गावचा येसकर होता, वेशीवरचा राखणदार. वाड्यासमोरून जाताना कमरेत वाकून जोहार घालायचा, आणि समोरचा माणूस आत जाईपर्यंत वर बघायचा नाही. नाना वीस-बावीस वर्षांचे असताना आमच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर नाना कुणासमोर वाकले नाहीत. गावाने सहा महिने काम दिलं नाही. एकदा चावडीपुढे चौघांनी त्यांची मान धरून खाली दाबली. नाना खाली बसले, पण वाकले नाहीत, असं माझी चुलती अजून सांगते. पुढे गावात संस्थेची शाळा आली आणि नाना शिपाई झाले. पाणी भरायचं, वर्ग झाडायचे, घंटा द्यायची. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. मुख्याध्यापक आले की नाना उभ्याने हात कपाळाला लावायचे. बस. पंचवीस वर्षं. लोक म्हणायचे, हा शिपाई हाय का फौजदार.

आमच्या विहारात वंदनेला सगळे गुडघे टेकतात. ऑपरेशननंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मी बसायला लागले, तर भागाबाई आजीने दंड धरला. "उभी र्‍हा पोरी. उभ्यानं म्हन. कुनी मोजाया बसलं नाय," म्हणाली. तेव्हापासून मी तिथे सगळ्यांच्या मागे उभी राहून वंदना म्हणते. कुणी वळून बघत नाही.

समारंभानंतर चौथ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. ते वाईट नाहीत. हे मला लिहायलाच पाहिजे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पाठीमागे स्वतःची उशी ठेवायला दिली. म्हणाले, आबासाहेबांच्या कानावर कोणीतरी घातलंय की तू मुद्दाम केलंस, आणि त्यांच्या त्या सवलतींच्या वाक्यावरून काही मुलांनी भिंतीवर लिहिलंही आहे. आबासाहेब चिडले आहेत. तुझ्या वडिलांना पेठच्या पुढच्या डोंगरातल्या शाळेवर पाठवायचं म्हणतात. "एक काम कर. डॉक्टरचं सर्टिफिकेट आण, तो एक्स-रे घे, आणि घरी जाऊन भेट. विषय संपेल."

मला तेव्हा हायसं वाटलं. खरंच. इतकं सोपं आहे, असं वाटलं. कागद दाखवला की संपलं.

मी सरकारी दवाखान्यातून सर्टिफिकेट घेतलं आणि गावी निरोप धाडला. रविवारी सकाळी नाना गावाहून आले. एक्स-रे काढून द्यायला आईने माझी पेटी उघडली होती. त्यात खाली, लुगड्याच्या घडीत, तो तपकिरी पाकिटात होता. आम्ही चालत आबासाहेबांच्या बंगल्यावर गेलो. नानांनी फाटकापाशीच चपला काढल्या. मी व्हरांड्यापाशी काढल्या. पायानेच.

आबासाहेब पेपर वाचत होते. त्यांनी सर्टिफिकेट वाचलं. एक्स-रे घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. माझ्या बरगड्या, माझे मणके, आणि मध्ये ती पांढरी रेघ. वर-खाली आकडे. मला अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटला.

"ही काय सळई आहे का?" त्यांनी विचारलं.

नाना म्हणाले, "व्हय साहेब. बिडाची न्हाय, पोलादाची हाय." जणू त्यात काही अभिमानाचं होतं. आबासाहेबांनी विचारलं, ऑपरेशन सरकारीत झालं का. हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, उत्तर आधीच माहीत असल्यासारखी.

मग त्यांनी आत हाक मारली. त्यांच्या पत्नी आल्या. आबासाहेब म्हणाले, हिची पाठ बघ जरा. कागदाचं काय, कागद कुठूनही मिळतो.

मी नानांकडे बघितलं. नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

मागच्या व्हरांड्यात धान्य वाळत घातलं होतं. त्यांची सून तिथे बसून सुपात निवडत होती, आणि भांडी घासणारी बाई होती. बाईसाहेब म्हणाल्या, "दाखव बघू." मी पाठ केली. हुकं काढली. ब्लाऊज खांद्यावरून खाली घेतला. मला वेळ लागला, तर म्हणाल्या, "अगं, बायकाच आहोत." मला मागचं दिसत नव्हतं. फक्त सूप थांबलेलं ऐकू आलं. भांडी थांबलेली ऐकू आली. बाईसाहेबांचा हात जवळ आल्याची ऊब मला पाठीवर कळली. तो लागेल म्हणून मी अंग आकसलं. तो लागला नाही. मध्येच थांबला आणि मागे गेला. जखम भरून पाच वर्षं झाली होती. त्यांना कशाची भीती वाटली ते मला माहीत आहे, आणि त्यांनाही.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "खरंच हो. केवढा व्रण आहे. गरीब बिचारी."

आबासाहेब एकदम मऊ झाले. म्हणाले, "मग आधी नाही का सांगायचं. मला वाटलं माज आलाय. व्यंग आहे होय." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. आमचा चहा काचेच्या पेल्यांतून आला. ते कपातून पीत होते. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं की आता तू चार ओळी लिहून दे. शारीरिक व्यंगामुळे मला नमस्कार करता आला नाही, त्याबद्दल मी दिलगीर आहे. सर्टिफिकेट मी प्राचार्यांकडे पाठवतो, आणि तुझ्या ओळी आपण सूचना फलकावर लावू.

मी विचारलं, फलकावर कशाला?

"तुझ्यासाठी नाही गं," ते म्हणाले. "तुझं आम्हाला कळलं. पण तुझ्या मागे आणखी पोरं आहेत तुमची. त्यांच्या पाठी धडधाकट आहेत. त्यांना चुकीचं वळण नको."

हे ते अगदी मायेने म्हणाले. मला अजून तो आवाज आठवतो. निघताना त्यांनी नानांना सांगितलं की बदलीचं काही मनात आणू नकोस. नाना वाकले. दुसऱ्यांदा. या वेळी त्यांना माझं कारणही लागलं नाही.

आम्ही एसटी स्टँडवर आलो. गावाकडे जाणाऱ्या निफाडच्या गाडीला वेळ होता. नाना बरेच दिवसांनी मोकळे दिसत होते. त्यांनी शेंगा घेतल्या. म्हणाले, मानूस तसा वाईट नाय. म्हणाले, उद्याच्या उद्या लिहून दे, आन मन लावून अभ्यास कर. मी हो म्हणाले. लिहिणारच होते मी.

तेवढ्यात पाकीट माझ्या काखेतून निसटलं. एक्स-रे अर्धा बाहेर येऊन घसरत बाकाखाली गेला. मी नेहमीसारखी उभी राहिले, पायाने ओढावा का विचार करत. नाना उठले आणि वाकले. सहज. मुळं उपटताना माणूस वाकतो तसे, कमरेतून सरळ खाली, हात बाकाखाली घातला, एक्स-रे ओढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि उभे राहिले. त्यांना दमही लागला नाही.

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

काय म्हणू. लहानपणी त्या पाठीवर बसून मी खेळले होते, पण मी ती कधी बघितली नव्हती. त्यांच्या पाठीत काही नव्हतं. रॉड नव्हता, आकडे नव्हते. ती पाठ कुठेही, कुणापुढेही वाकू शकत होती. आणि पंचवीस वर्षं ती वाकली नव्हती. चौघांनी मान दाबली तरी. नानांना तेव्हा कुणी सर्टिफिकेट मागितलं असतं तर त्यांच्याकडे काय होतं दाखवायला?

आणि मी बंगल्यावर जाऊन काय सांगून आले होते? की माझा नाइलाज आहे. की मी वाकले असते हो, पण ही सळई. मी माझी पाठ उघडून त्यांना खात्री पटवून दिली होती की बाकीच्यांनी वाकायलाच पाहिजे.

नानांनी शेंगांचा पुडा माझ्यापुढे धरला. "खा की," म्हणाले. मी घेतल्या नाहीत. त्यांना वाटलं पाठ दुखतेय. पाठ दुखतच होती.

सोमवारी मी प्राचार्यांना कागद दिला. तो मी सात वेळा लिहिला होता. मी फार धीट नाही. माझं अक्षरही त्या दिवशी वाकडं आलं. त्यात असं होतं:

"मला थोडे वाकता येते. त्या दिवशी मी वाकले नाही. माझी पाठ बरी असती तरी मी वाकले नसते. मी दिलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र मला परत मिळावे. माझ्या वडिलांना माझ्यासाठी जे करावे लागले, त्याबद्दल मी दिलगीर आहे. आणखी कशाबद्दलही नाही."

प्राचार्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "तुझ्या वडिलांच्या पोटाचा प्रश्न आहे, कळतंय ना तुला? त्यांना तरी विचारलंस?"

मी म्हणाले, "नाही सर."

हेच एक मला आजपर्यंत टोचतं. रॉडपेक्षा खोल. मी नानांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते आणि मी ऐकलं असतं. म्हणून विचारलं नाही.

प्राचार्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं नाही. मग त्यांनी खणातून माझं सर्टिफिकेट काढून दिलं आणि म्हणाले, जा.

पंधरा दिवसांत नानांची बदली झाली. मी गावी गेले तेव्हा ते वळकटी बांधत होते. आई चुलीपाशी होती, तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी नानांना सगळं सांगायला सुरुवात केली, स्टँडवरचं, त्यांच्या पाठीचं. मला वाटलं होतं त्यांना कळेल. दुसऱ्या कुणाला नाही तरी त्यांना. त्यांनी दोरीची गाठ आवळली आणि माझं बोलणं संपायच्या आत म्हणाले,

"मी वाकलो, त्ये वाया घालवलंस तू, बाई."

एवढंच. रागाने नाही. एखादं भांडं फुटल्यावर माणूस तुकड्यांकडे बघून बोलतो तसं. मी पायांना हात लावायला खाली जाऊ लागले. चौकट धरून, गुडघे दुमडून. नानांच्या पायांपर्यंत मला जायचं होतं. कळ आली, पांढरं झालं, तरी जात होते. तर त्यांनी माझा दंड धरून मला वर केलं. "नको," म्हणाले. "पाठ मोडशील." आणि वळकटी खांद्यावर घेऊन निघाले.

दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. पेठच्या पुढे एसटी जिथे थांबते तिथून पाऊण तास चालायचं. घाटात प्रत्येक खड्ड्याला मी पुढच्या सीटचा दांडा धरून उभी राहत होते. नाना शाळेच्या सामानाच्या खोलीत राहतात. नकाशे, मोडके बाक, आणि त्यांची वळकटी. पाणी टेकडीच्या खालून आणावं लागतं. त्यांनी बाजरीची भाकरी करून वाढली. स्वतःच्या हाताने त्यांनी कधी भाकरी थापलेली मी पाहिली नव्हती. जाडी झाली होती. त्यांनी विचारलं, "पाठ कशी हाय?" मी म्हणाले, आहे तशीच. मग आम्ही जेवलो. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत एक जुनी उशी कोंबली, गाडीत पाठीला लावायला. मी टेकडी उतरत होते तेव्हा वरून घंटा ऐकू आली. सुट्टी होती. शाळेत कुणी नव्हतं. तरी त्यांनी दिली. कशासाठी ते मला माहीत नाही. मी वळून बघायचं म्हटलं तर मला पूर्ण अंग वळवावं लागतं. मी वळले तोवर ते आत गेले होते.

गेल्या महिन्यात मुंबईला दाखवून आले. वरचा आकडा ढिला झालाय. तो घासत राहणार. पुन्हा उघडायचं तर धोका आहे, नाही उघडायचं तर हे असंच. डॉक्टर नवे होते, तरुण. म्हणाले, सवय करून घ्या. मी म्हटलं, झाली आहे. झालेली नाही. पण ती माझी गोष्ट आहे, ती कुणाला कारण म्हणून द्यायची नाही.

या वर्षीही मराठीत माझाच पहिला नंबर आहे. उद्या समारंभ आहे. अध्यक्ष तेच, खुर्ची तीच. काल तालीम झाली, तिला मला बोलावलं नव्हतं. मी गेले. यादी वाचणारे सर माझ्या नावापाशी थांबले, इकडेतिकडे बघितलं, आणि वाचलं. मी डावीकडून चढले. रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडले. उजवीकडून उतरले. मागच्या बाकांवर आमच्या वस्तीतला, यंदाच कॉलेजात आलेला एक मुलगा बसला होता. त्यालाही बक्षीस आहे. त्याची पाठ धडधाकट आहे. त्याने मला विचारलं, ताई, तुम्हाला आजार आहे म्हणून चालतं, आम्ही काय करायचं?

मी त्याला म्हणाले, "आजाराचा काही संबंध नाही."

उद्या कुणी विचारलं, माईकवर विचारलं, तर हेच सांगणार आहे. आवाज या वेळी निघेल. एक्स-रे पेटीत, लुगड्याच्या घडीत आहे, आणि तिथेच राहील. सर्टिफिकेट मी फाडून टाकलं आहे.

नानांना आठ दिवसांपूर्वी कार्ड टाकलं. फक्त तीन ओळी. समारंभाला या. खाकी घालून या आणि पहिल्या रांगेत बसा. काहीही झालं तरी जागेवरून उठू नका.

उत्तर आलेलं नाही. ते येतील असं मला वाटत नाही. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मी त्यांच्यासाठी धरून ठेवणार आहे, कुणी कितीही ती सोडायला सांगितलं तरी. ती रिकामी राहिली तर रिकामी. माझ्या वाटचं उद्या कुणी करायचं नाही. मी ते करणार नाही आहे, आणि कुणाला करूही देणार नाही.